मुंबईची नोंदणी उज्जैनला चालेल का?

उज्जैनच्या नानाखेड्यातल्या मराठी घरात मुलीने श्रवणयंत्रांच्या कामात जायचं म्हटलं, की पालक विचारतात: शिकायचं मुंबईला आणि बसायचं उज्जैनला, मग परवाना चालेल का? चालेल. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२च्या कायद्याने देशभरासाठी एकच केंद्रीय नोंदवही ठेवली आहे आणि ऑडिओलॉजिस्टप्रमाणेच श्रवणयंत्र व इअर मोल्डचे तंत्रज्ञही त्यात येतात. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकून नोंदणी झालेली मुलगी उज्जैनलाच काय, इंदूरलाही काम करू शकते. पालकांनी काळजी करायची ती प्रवेशाच्या वेळी. त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षी परिषदेची मान्यता आहे का? मान्यता ठरावीक मुदतीची असते, त्यामुळे माहितीपत्रकावरच्या दाव्यावर न विसंबता परिषदेची यादी स्वतः तपासावी. मान्यता नसलेल्या पदवीवर नोंदणी होत नाही आणि फी तर भरून झालेली असते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की यंत्रं ऑनलाइनही मिळतात आणि नोंदणी नसलेली माणसंही ती विकतात, मग एवढं शिकायचं कशाला? नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणाऱ्याला कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. हजार रुपयांना आज कोण भितो, हे मान्य. पण खरं उत्तर आजोबांच्या कानात आहे. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ‘साठ’ म्हटलेलं ‘आठ’ ऐकू येतं. सगळेच आवाज सरसकट वाढवणारं यंत्र लावलं तर भांड्यांचा खणखणाट असह्य होतो आणि चार दिवसांत यंत्र कपाटात जातं. कोणत्या पट्टीला किती वाढ द्यायची, हे ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, वाचून ठरतं. कानातला साचा, म्हणजे इअर मोल्ड, नीट बसला नाही तर यंत्र शिट्टी मारतं. गिऱ्हाईक परत येतं ते या कामासाठी.

परदेशाचं मात्र वेगळं. अमेरिकेत श्रवणयंत्र देणाऱ्यांचा परवाना राज्यागणिक निराळा. दुसऱ्या राज्याचा परवाना मानायचा की नाही, हे त्या-त्या राज्याच्या नियमांवर ठरतं. तिथल्या राज्यांमधला परस्पर करारही ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्टपुरता आहे, नुसती यंत्रं देणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. बाहेर जायचा विचार असेल, तर श्रवणयंत्र तंत्रज्ञाच्या एक वर्षाच्या पदविकेवर न थांबता इंटर्नशिपसह चार वर्षांची बीएएसएलपी (ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीची पदवी) करावी आणि तिथे ऑडिओलॉजिस्ट व्हायला पुढे डॉक्टरेट लागते, हे खर्चाच्या हिशेबात आजच धरावं.