मित्रांची पसंती आणि आपला जमाखर्च

प्रश्न : कचेरीतील मित्र दरमहा महागड्या उपाहारगृहात जमतात. तेथील पदार्थ मला रुचत नाहीत, मी थोडेच खातो. तरी बिल समान वाटले जाते. शिवाय 10 टक्के सेवाशुल्काचा सरकारी कर! मैत्री न दुखावता खर्च कसा आवरावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपला संकोच मी समजू शकतो, परंतु प्रथम एक गैरसमज दूर करतो. ज्या सेवाशुल्कास आपण सरकारी कर समजून मुकाट्याने भरत आलात, ते सर्वस्वी ऐच्छिक असून, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 च्या जुलैत ते बिलात परस्पर आकारण्यास मनाई केली आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 च्या मार्चमध्ये ती मनाई कायम ठेवली आहे. तेव्हा ते वगळण्यास सौम्यपणे सांगावे; न ऐकल्यास 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदविण्याची मुभा आहे. वस्तू व सेवा कर मात्र द्यावाच लागतो.

राहिला वाटणीचा प्रश्न. बिल टेबलावर आल्यानंतर हिशेब उकरून काढणे सर्वांनाच अप्रिय वाटते, म्हणून पदार्थ मागविण्यापूर्वीच, ‘माझे बिल वेगळे करा,’ असे वेटरला प्रसन्नपणे सांगावे. घरून थोडे खाऊन निघावे, तेथे एखादे सूप घ्यावे. त्याहून उत्तम म्हणजे पुढील बेत आपणच ठरवून रविवारी सकाळी मिसळीला सर्वांना बोलवावे. खोट्या सबबी मात्र सांगू नयेत; जवळच्या एकास खरी अडचण आधी कळवावी, तोच इतरांना समजावील.