निबंधाची वही आणि विद्यापीठाचे दार

इ. स. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात एक निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. लेखिका होती मुक्ता साळवे, फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मातंग समाजातील मुलगी. वय पंधरा वर्षांच्या आतले आणि शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे. 'ज्ञानोदय'चा जन्म १८४२ साली आपल्याच अहमदनगर शहरात झाला होता, ही गोष्ट तिसगाव-पाथर्डी परिसरातील वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी.

मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध आज आपण बहुधा केवळ करुणेने वाचतो. त्यातील युक्तिवादाकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. वेद हे एकाच वर्गाचे, इतरांनी त्यांच्याकडे पाहूही नये, असे प्रतिपक्ष म्हणतो. ठीक आहे, तसे धरून चालू. मग आम्हांला धर्मग्रंथच उरला नाही. आणि ग्रंथ नाही तर आमचा धर्म तरी कोणता? प्रतिपक्षाचेच विधान स्वीकारून त्याला त्याच्या टोकापर्यंत नेणे ही तर्कशास्त्रातील जुनी व कठीण रीत होय. शाळेत तीन वर्षे काढलेल्या मुलीला ती साधली, कारण तिला केवळ अक्षरे गिरवायला लावली नव्हती. मनातले मांडायलाही शिकविले होते. साक्षर होणे आणि लिहिते होणे यांत हे एवढे अंतर आहे.

या घटनेनंतर सुमारे साठ वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. तरीही इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान यांचे वर्ग त्यांनी केले होते. पुढे मे १९१७ मध्ये तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला.

लेखन शिकणाऱ्याने हा निबंध कसा रचला आहे ते पाहावे. प्रारंभी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या जातीविषयक व्याख्या पुढे ठेवल्या आहेत. त्यांतील एकीचीही टवाळी केलेली नाही. केतकरांच्या व्याख्येला तर त्यांनी मोठा मान दिला आहे. जातीचे सभासदत्व जन्माने मिळते आणि जातीबाहेर विवाहास मनाई असते, अशी दोन लक्षणे केतकरांनी सांगितली होती. आंबेडकर म्हणतात, ही दोन नव्हेतच, एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत. बाहेर विवाह बंद केला की बाहेरून जन्माने येणारा आपोआप बंद होतो. एवढ्या लहानशा दुरुस्तीतून सगळा प्रबंध उभा राहतो. आधी समजून घ्यायचे, मग सन्मानाने मतभेद नोंदवायचा आणि नंतर आपले पाऊल पुढे टाकायचे, हे त्या चर्चावर्गाचे शिक्षण होते. लंडनमध्येही रुपयाविषयीचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहून मागितला. निष्कर्ष कायम ठेवून त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ मध्ये तो मान्य झाला. एवढ्या विद्वानालाही दुसरा खर्डा करावा लागला, हे मुलांना सांगितले पाहिजे.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत जे महाविद्यालय सुरू केले, त्याला बाबासाहेबांनी दिलेले 'मिलिंद' हे नावच प्रश्न विचारणाऱ्या राजाचे आहे, आणि परिसराचे 'नागसेनवन' हे नाव त्याला उत्तर देणाऱ्या भिक्खूचे. पुढे याच महाविद्यालयात मराठी शिकविणारे प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालविले आणि लिहिणाऱ्यांच्या एका पिढीला हक्काचे व्यासपीठ मिळाले. आपल्या जिल्ह्याचा दाखला हवा असेल तर अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार संगमनेरच्या बोर्डिंगात राहून शिकले. त्यांचे 'बलुतं' १९७८ साली आले. वसतिगृहातील मुलाजवळ लिहिण्यासारखे काय असते, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी ते वाचावे.

आजची स्थिती काय आहे? कला शाखा म्हणजे जिकडे कोणीच घेतले नाही त्यांनी जाण्याची जागा, असा समज पालकांत रुजला आहे. पालकांना दोष देण्याचे कारण नाही. कोरडवाहू शेती आणि ऊसतोडीवर घर चालविणाऱ्याने पोराच्या नोकरीचा विचार आधी करावा, हे स्वाभाविकच आहे. दोष शिकविण्यात अधिक आहे. प्राध्यापक टिपणे सांगतात, विद्यार्थी उतरवून घेतात, परीक्षेत तीच परत करतात. प्रस्तुत लेखकाने पदवीची तीन वर्षे अशीच काढली. त्या काळात स्वतःचे म्हणावे असे एक पानही कोणी लिहून मागितले नाही आणि लिहिलेले कोणी तपासून परत दिले नाही. पदव्युत्तर वर्गात पहिला शोधनिबंध लिहिण्याची वेळ आली तेव्हा तीन पुस्तकांतील उतारे जोडून तो सादर केला. मार्गदर्शकांनी त्यावर एकच प्रश्न लिहिला होता: यात तुमचे वाक्य कोणते? शोधूनही सापडले नाही. लाज वाटली, पण खरे शिक्षण त्या दिवशी सुरू झाले.

विज्ञान, अभियांत्रिकी वा कृषी शाखेकडे जाणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. ग्रामसभेत ठराव मांडायचा, शिष्यवृत्ती अडली तर समाजकल्याण कार्यालयाला अर्ज करायचा, आपल्यावर अन्याय झाला तर घटनाक्रम तारीखवार लिहून द्यायचा, ही सर्व कामे विचार व भाषा यांचीच आहेत. ज्याला ती येत नाहीत, त्याची बाजू दुसरा लिहितो. आणि दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अंगठा उठविण्याचे दिवस आपल्या आजोबांनी पाहिले आहेत.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे एक लहानशी विनंती ठेवतो. इयत्ता आठवीपासूनच्या प्रत्येक निवासी विद्यार्थ्याने आठवड्याला एक पान लिहावे. विषय ज्याचा त्याने निवडावा: आईचा कोयता, मढीची यात्रा, आटलेली विहीर, न पटलेला धडा, काहीही. आपल्यापैकी जे शिक्षक, वकील, परिचारिका, कारकून आहेत त्यांनी प्रत्येकी पाच वह्या घ्याव्यात. लाल शाईने केवळ ऱ्हस्व-दीर्घ दाखवू नये. समासात एखादा प्रश्न लिहावा आणि पान पुन्हा लिहून मागावे. वह्या दर शनिवारी सायंकाळच्या वंदनेनंतर वाचनालयातून नेता येतील.