‘सेव्हरल’ : ‘अनेक’ आणि ‘पृथक्’

इंग्रजी दस्तऐवजांचे मराठी भाषांतर करताना अपरिचित शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच अधिक फसवे ठरतात. ‘सेव्हरल’ हे विशेषण त्यांपैकीच एक. त्याचा ‘अनेक’, ‘कित्येक’ हा अर्थ आपण शाळेपासून शिकतो. तो अर्थ चुकीचा नाही. मात्र तो मूळचाही नाही. ‘सेपरेट’ व ‘सेव्हरल’ हे शब्द एकाच लॅटिन कुळातील असून ‘वेगळा’, ‘पृथक्’ हाच ‘सेव्हरल’चा जुना अर्थ होय. वेगवेगळ्या वस्तू म्हटल्या की त्या एकाहून अधिक असणारच. त्यातूनच पुढे ‘अनेक’ हा अर्थ रूढ झाला.

या दोन अर्थांतील भेद महाबळेश्वरच्या नद्यांवरून सहज ध्यानात येईल. श्रीक्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. ‘येथे अनेक नद्या उगम पावतात’ असे म्हटले, तर केवळ संख्येचा बोध होतो. परंतु वेण्णा साताऱ्याजवळ माहुली येथे कृष्णेस मिळते, कोयना कराडला मिळते, तर सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्र गाठते. प्रत्येकीची वाट निराळी. हा आशय इंग्रजीत ‘सेव्हरल’ने व्यक्त करता येतो. अशा ठिकाणी मराठीत ‘आपापला’ हा शब्द नेमका बसतो : नद्या आपापल्या वाटेने जातात.

कायद्याच्या भाषेत हा जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. ‘जॉइंट अँड सेव्हरल लायबिलिटी’ म्हणजे संयुक्त व पृथक् दायित्व. येथे ‘अनेक’ हा अर्थ घेतल्यास अनर्थ ओढवतो. समजा, महाबळेश्वर तालुक्यातील एका स्ट्रॉबेरी उत्पादकाने पतसंस्थेकडून कर्ज घेतले व दोघे त्यास जामीन राहिले. ६०,००० रुपये थकले. ‘आपल्या वाट्याला फार तर ३०,००० येतील’, अशी जामीनदारांची समजूत असते. परंतु दायित्व संयुक्त व पृथक् असल्यास संस्था संपूर्ण ६०,००० रुपयांची मागणी दोघांपैकी कोणाही एकाकडे करू शकते. ज्याने रक्कम भरली, त्यास ती मूळ कर्जदाराकडून मागता येते; तसेच, वेगळा करार नसल्यास, सहजामीनदाराकडून समान हिस्सा मागता येतो. हे हक्क भारतीय संविदा अधिनियम, १८७२ अन्वये मिळतात. भागीदारी अधिनियम, १९३२ मध्येही प्रत्येक भागीदार पेढीच्या कृतींबद्दल असाच संयुक्तपणे व पृथक्पणे जबाबदार धरला आहे.

केवळ ‘सेव्हरल’ दायित्व असेल, तर मात्र ज्याने त्याने आपापल्या वचनापुरतेच बांधील राहावयाचे असते. एका उभयान्वयी अव्ययाने केवढा फरक पडतो, हे यावरून दिसून येईल.

सहकारी संस्थांच्या कागदपत्रांत यासाठी ‘वैयक्तिक व सामुदायिक जबाबदारी’ असाही प्रयोग आढळतो. तो सुबोध आहे. तथापि त्याखाली ‘संपूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करता येईल’ हे एक वाक्य जोडल्यास संदिग्धता उरणार नाही.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. सही करणाऱ्यास आपण कशावर सही करीत आहोत हे उमगले, तरच त्या निर्णयाचे सार्थक होईल. ‘सेव्हरल’ दिसताच भाषांतरकाराने प्रथम स्वतःस विचारावे : येथे संख्या सांगावयाची आहे की वेगळेपण?