ब्लॉकेज नाही, म्हणून गोळ्या बंद?

‘अँजिओग्राफी नॉर्मल आली डॉक्टर, म्हणून गोळ्या सोडल्या.’ संगमनेरच्या माझ्या ओपीडीत हे वाक्य कानावर आलं की माझाच रक्तदाब वाढतो.

एक मावशी आहेत, बिड्या वळतात. रक्तदाब, साखर आणि दोन वेळची मिशरी. जिना चढला की छाती आवळायची. नाशिकला अँजिओग्राफी झाली, ब्लॉकेज निघालं नाही. घरच्यांनी ‘गॅस आहे, मनाला लावून घेते’ असा निकाल दिला. लेकानं मोबाईलवर बघून लसूण-लिंबू-व्हिनेगरचा काढा सुरू केला, तोही ब्लॉकेज उघडायला! अहो, जे नाहीच ते उघडणार कसं? काढ्यानं पोटात आग तेवढी पडली.

अँजिओग्राफीत दिसतात त्या हृदयावरच्या मोठ्या रक्तवाहिन्या. साधारण अर्ध्या मिलीमीटरहून बारीक वाहिन्यांचं जाळं तिच्यात दिसतच नाही, आणि हृदयाच्या स्नायूला रक्त पोचवतं ते हेच जाळं. ओझरच्या बंधाऱ्यावरून कालवा भरून वाहतोय, पण चाऱ्या उघडतच नाहीत, तर ऊस वाळणारच. वाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून तिला सैल करतं. साखर, रक्तदाब, तंबाखू हे अस्तर बिघडवतात. मग श्रम केले की वाहिनी हवी तेवढी रुंदावत नाही. काहींची मोठी वाहिनीसुद्धा अचानक आवळते, बहुधा रात्री किंवा पहाटे, स्वस्थ पडलेले असताना.

बारीक वाहिन्यांचा हा आजार बायकांत जास्त दिसतो आणि ‘मनाचं आहे’ हा शिक्काही त्यांच्यावरच जास्त बसतो. मावशी, तुमचं दुखणं खरं आहे. घाबरू मात्र नका, औषधांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. इथे स्टेंट किंवा बायपासचा उपयोग नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवायचं, वाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या नेमानं घ्यायच्या आणि मिशरी सोडायची. ‘थोडीशीच लावते’ हे मला सांगू नका. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवणंही बंद करा. रक्तदाब एकदम उतरून माणूस चक्कर येऊन पडतो.

छातीत दाब येऊन दहा-पंधरा मिनिटांत ओसरला नाही, दरदरून घाम फुटला, दम लागला, दुखणं जबड्यात, पाठीत, हातात उतरलं किंवा कारण नसताना गळून जाऊन मळमळलं, तर सोडा पिऊन वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढून घ्या. जुना नॉर्मल रिपोर्ट पिशवीत असला तरीही.