शरीराची जमाखर्चाची वही

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने आहारशास्त्रावर लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु जमाखर्च हा आमचा रोजचा विषय, आणि वजन हाही अखेर एक जमाखर्चच आहे. शिवाय या विषयात मी एक चूक केली व तिची किंमत माझ्या वडिलांना मोजावी लागली. इतरांनी ती करू नये, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

गेल्या वर्षी माझे वजन ८४ किलो होते. व्यायामशाळेतील एका मित्राने सल्ला दिला, "भात-भाकरी बंद कर, प्रोटीन वाढव." दुसऱ्याच दिवसापासून मी भात, पोळी, भाकरी सारे वर्ज्य केले. आई म्हणाली, "अरे, पानात भाकरी नाही म्हणजे ते काय जेवण झालं?" मी ऐकले नाही. आठवड्यात अडीच किलो वजन उतरले आणि मी हुरळून गेलो.

बाबांना मधुमेह आहे. माझा उत्साह पाहून तेही म्हणाले, "तू सोडतोस तर मीही भात सोडतो की!" त्यांच्या गोळ्या मात्र पूर्वीसारख्याच चालू होत्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे अडखळू लागले. आईने प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी पाजले, म्हणून निभावले. डॉक्टर म्हणाले, "गोळी रक्तातली साखर उतरवते. साखर देणारे अन्न एकदम तोडले आणि गोळी तेवढीच ठेवली, तर साखर धोक्याइतकी खाली जाते. आधी विचारायला हवे होते." त्या रात्री मला झोप आली नाही. नंतर मी हा विषय मुळापासून वाचावयास घेतला.

शाळेत आम्ही 'प्रथिने' व 'कर्बोदके' शिकलो. आमचे कन्नड माध्यमाचे मित्र त्यांनाच 'ससारजनक' आणि 'शर्करपिष्ट' म्हणतात. 'शर्करपिष्ट' हा शब्द मला फार आवडला. साखर आणि पीठ, दोन्ही एकाच नावात आली! प्रथिने व कर्बोदके यांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर स्निग्ध पदार्थांपासून ९. मग उष्मांक सारखेच असताना प्रथिनांचा फायदा कोणता?

एक, प्रथिनांनी पोट अधिक वेळ भरलेले वाटते. दोन, त्यांच्या पचनातच त्यांच्या उष्मांकांपैकी २० ते ३० टक्के खर्च होतात. कर्बोदकांच्या बाबतीत हे प्रमाण ५ ते १० टक्के असते. तीन, वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पुरेशी प्रथिने व व्यायाम यांनी ही झीज कमी होते. आमच्या भाषेत, भांडवल न मोडता कर्ज फेडता येते.

आता माझ्या अडीच किलोंविषयी. शरीर काही कर्बोदके ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात व स्नायूंत ठेवते. हे आपले चालू खाते, आणि चरबी ही मुदत ठेव. एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. कर्बोदके बंद होताच चालू खाते रिकामे होते व पाणी निघून जाते. मी ज्याला नफा समजलो, ते बहुतांशी पाणी होते!

ही पद्धत नवी नाही. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी पाव, साखर, बटाटे सोडून आपले वजन कसे घटले, ते १८६३ मध्ये एका पुस्तिकेत लिहिले होते. परंतु २०१८ मध्ये अमेरिकेत ६०९ प्रौढांवर झालेल्या वर्षभराच्या प्रयोगात, कमी कर्बोदके घेणारे व कमी स्निग्ध पदार्थ घेणारे यांच्या वजनघटीत लक्षणीय फरक आढळला नाही. तात्पर्य, जो आहार आपल्याला टिकवता येतो, तोच खरा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने ही दैनिक शिफारस केली. ६५ किलोच्या माणसाला हे सुमारे ५४ ग्रॅम होतात. वजन उतरवताना थोडी अधिक घेतली तरी चालतात. पण मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नयेत. याच संस्थेने २०२४ मध्ये प्रथिनांच्या पावडरी टाळण्याचा सल्ला दिला आहे. ज्यांचे खिसे माझ्यासारखे हलके आहेत, त्यांना हा सल्ला गोडच लागेल.

माझे पूर्वीचे दुपारचे जेवण म्हणजे चार पोळ्या, भात व पातळ वरण. त्यात सुमारे १५० ग्रॅम कर्बोदके आणि २२ ग्रॅम प्रथिने होती. आता एक ज्वारीची भाकरी, ५० ग्रॅम मटकीची उसळ, दोन उकडलेली अंडी, वाटीभर दही व भरपूर कोशिंबीर घेतो. कर्बोदके सुमारे ७० वर आली, प्रथिने ३४ वर गेली. अंडी न खाणाऱ्यांनी पनीर किंवा सोयाबीन घ्यावे. मात्र डाळ म्हणजे निव्वळ प्रथिने असे समजू नये; तिच्यात अर्ध्याहून अधिक कर्बोदकेच असतात. शेंगदाण्यात प्रथिने चांगली, पण तेलही भरपूर, म्हणून चटणी चमच्याने मोजूनच! धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळी-कडधान्ये भरून काढतात. भाकरी-उसळ काय किंवा कन्नड मित्राच्या घरची जोळद रोट्टी आणि काळु पल्ल्या काय, आपल्या आज्यांनी ही सांगड केव्हाच घातली होती. वाढले ते फक्त भाताचे ढीग, साखरेचा चहा आणि बसून राहणे.

दहा महिन्यांत माझे वजन ७५ किलोवर आले आहे. बाबांनीही भात निम्मा केला. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळीचे प्रमाण कमी करून घेऊन. आता आई मला भाकरी वाढते आणि मी ती मोजून, पण आनंदाने खातो.

मित्रहो, वही एकाच रात्रीत जुळत नसते. नोंद रोजची हवी, आणि दुसऱ्याच्या वहीतले आकडे आपल्या वहीत उतरवू नयेत.