एकट्यापुरते तरंगते साधन कसे निवडावे?



आर्किमिडीजचे तत्त्व आपण पाठ करतो, उदाहरणेही सोडवतो. या अंकात तेच तत्त्व एका व्यवहारी प्रश्नाला लावून पाहू.

अमेरिकेतील आयडाहो राज्यात हेन्रीज लेक नावाचे सरोवर आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,९७० मीटर, सरासरी खोली जेमतेम चार मीटर. तेथे ट्राउट माशांसाठी ‘फ्लाय फिशिंग’ चालते. गळावर पिसे व दोरा गुंडाळून खोटा कीटक बनवतात. त्याचे स्वतःचे वजन नगण्य असते, म्हणून जाड, वजनदार दोरीच्या झोताने तो दूर फेकतात. मासे काठापासून लांब असले की एकट्यापुरते साधन लागते. प्रकार मुख्यतः तीन :

१. फ्लोट ट्यूब : इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची, हवा भरलेली बैठक. वजन पाच ते आठ किलो, पाठीवर नेता येते. पाय पाण्यात असतात. फ्लिपर मारत उलट दिशेने सरकायचे. हात मोकळे राहतात, पण वेग चालण्याच्या निम्मासुद्धा नसतो. वाहत्या नदीत ही कधीच वापरू नये.

२. पाँटून : दोन लांब हवेच्या नळ्या, मध्ये धातूची चौकट व खुर्ची. वल्ही असल्याने लांब जाता येते. मात्र बैठक उंच, म्हणून वारा जास्त लागतो.

३. कयाक : लांबट, टणक प्लॅस्टिकची नाव. वेग चांगला, पण वल्हे हातात असताना गळ टाकता येत नाही. पायाने चालवायची कयाक ही अडचण दूर करते; ती महाग आणि जड असते.

आता निवड. आमच्या मते तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

पहिला, भार किती? एक लिटर पाणी बाजूला सारले की एक किलो भार तरंगतो. माणूस ६५ किलो, कपडे व बूट ६, सामान ९. एकूण ८० किलो. साधनाची क्षमता ८० असून भागत नाही, कारण लाट आली की काठ पाण्याखाली जातो. चौथा हिस्सा राखून ठेवावा. म्हणजे क्षमता किमान १०७ किलो हवी.

दुसरा, वारा उलटला तर परत येता येईल का? डोंगरी सरोवरांवर दुपारी वारा उठतो. जाताना पाठीशी असलेला वारा येताना समोर असतो. म्हणून ट्यूबवाल्याने काठाजवळच राहावे.

तिसरा, साधन फुटले किंवा उलटले तर? हवेचे कप्पे एकाहून अधिक हवेत, आणि लाइफ जॅकेट अंगात हवे, बैठकीखाली नव्हे. पाण्यात माणसाचे बहुतेक वजन पाणीच पेलते. डोके वर ठेवायला चार-पाच किलोंचा आधार पुरतो. साधे जॅकेट सुमारे सात किलोंचा देते. आयडाहोत १९ फुटांपर्यंतच्या चालत्या नावेत १४ वर्षांपर्यंतच्या मुलांनी ते घालणे कायद्याने सक्तीचे आहे.

आपल्याकडे असा छंद फारसा नाही, पण हे प्रश्न आपलेही आहेत. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्या बडोद्यात हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेहून जास्त माणसे होती आणि सर्वांना लाइफ जॅकेट नव्हते. म्हणजे पहिला आणि तिसरा हे दोन्ही प्रश्न नाव सुटण्यापूर्वी, काठावर उभे राहूनच विचारता आले असते. ते विचारणे मोठ्यांचे काम, पण मुलांनाही ते माहीत असावेत असे आम्हांस वाटते.

स्वाध्याय
१. माणूस ७० किलो, सामान १५ किलो, साधनाची क्षमता १२० किलो. चौथा हिस्सा राखला जातो का?
२. पाँटूनपेक्षा ट्यूबला वारा कमी का लागतो? गुरुत्वमध्य कोणाचा खाली?
३. पुढच्या सहलीत नावेत बसण्यापूर्वी नावाड्याला कोणते दोन आकडे विचाराल? वहीत लिहा, घरी आई-बाबांना वाचून दाखवा.