भाडं ‘मोअर चीपर’ का नाही?

प्रश्न : मी उलव्यात घरं भाड्याने देण्याचं काम करते. इंग्रजी जाहिरातीत ‘उलवे रेंट इज मोअर चीपर दॅन नेरूळ’ असं लिहिलं, तर एका ग्राहकाने चूक दाखवली. नेमकं काय चुकलं?

उत्तर : ताई, मराठीत विशेषण तसंच राहतं आणि तुलनेचा भार ‘पेक्षा’ उचलतो. म्हणून इंग्रजी लिहिताना हात आपसूक ‘मोअर’कडे जातो. पण ‘चीपर’च्या ‘अर’मध्ये तुलना आलेलीच आहे. आखूड विशेषणांना ‘अर’ लागतो, ‘कन्व्हीनिअंट’सारख्या लांबलचक शब्दाआधी ‘मोअर’ येतो; दोन्ही एकत्र नाहीत.

दुसरी चूक बहुतेकांच्या नजरेतून सुटते, मला तर तीच मोठी वाटते. तुम्ही भाड्याची तुलना थेट नेरूळ गावाशी केलीत. ती भाड्याशीच हवी. शिवाय घर ‘चीप’ असतं, भाडं ‘लो’. तेव्हा लिहा : ‘रेंट्स इन उलवे आर लोअर दॅन दोज इन नेरूळ.’ फरक बराच असेल तर ‘मच लोअर’ म्हणा, ‘व्हेरी लोअर’ नको.

उलव्याचा परिसर शिवडीशी जोडणाऱ्या, जानेवारी २०२४मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूचा फायदाही जाहिरातीत असाच तुलनेने सांगा : ‘शिवडी इज नाऊ मच ईझिअर टू रीच.’